खोल्याची मिरची आणि ३०८चा घोळ: मास स्पेक्ट्रोमेट्रीतली शिखरं शोधायला शिकताना

आमच्या प्रयोगशाळेत दर पावसाळ्यात एमएस्सीची नवी मुलं येतात. मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना चालवायला ती आठवड्याभरात शिकतात, घोडं अडतं ते त्याच्या पुढे. गिगाबाइटभर फाइल सॉफ्टवेअरमध्ये घालायची, सगळ्या सेटिंग्ज होत्या तशाच ठेवून बटण दाबायचं, आणि तासाभराने हसतमुखाने यायचं, "सर, नऊ हजार पीक मिळाले!" मी विचारतो, "बरं, त्यात कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीचा तिखट रेणू, कुठलं?" मग मात्र सगळे खिडकीबाहेरचा पाऊस बघायला लागतात.

हा लेख त्या मुलांसाठी, आणि ज्यांना विचारायला कोणी नाही अशांसाठी. एक खुलासा आधीच करतो. प्रयोगशाळेत सगळे 'पीक'च म्हणतात, मीही म्हणतो. पण इथे उदाहरण मिरचीचं घेतलंय, आणि मिरचीचं पीक व आलेखातलं पीक एकाच वाक्यात आलं की वाचणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून इथे 'शिखर' म्हणू.

सॉफ्टवेअर बघतं तरी काय?

रात्री पणजीच्या मिरामारच्या वाळूवर उभं राहून समुद्रातल्या ट्रॉलरांचे फोटो काढताय असं समजा. दर सेकंदाला एक फोटो. प्रत्येक फोटोत काळोखात दिव्यांचे ठिपके. आता फोटो एकापाठोपाठ ठेवून ठरवायचं की या फोटोतला हा ठिपका आणि पुढच्या फोटोतला तो ठिपका एकाच होडीचा का. तसं असेल तर दोघांना धाग्याने जोडायचं. धागा तयार झाला की त्यातला दिवा हळूहळू उजळत जाऊन परत मंदावला का, हे बघायचं.

लिक्विड क्रोमॅटोग्राफीला (कॉलम नावाच्या नळीतून द्रावातले रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणाऱ्या पद्धतीला) जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरची फाइल अशीच असते. एकेक फोटो म्हणजे एकेक स्कॅन. ठिपक्याची जागा म्हणजे एम/झेड, म्हणजे वस्तुमान भागिले विद्युतभार. ठिपक्याचा उजेड म्हणजे तीव्रता. उजळून मंदावलेला धागा सापडला की सॉफ्टवेअर म्हणतं, शिखर मिळालं. त्याला ना मिरची ठाऊक, ना कॅप्सेसिन. किती जवळचे ठिपके 'एकाच जागचे' मानायचे, धागा किमान किती लांब हवा आणि किती उजेडाखाली लक्षच द्यायचं नाही, हे तिन्ही निर्णय तुमचे असतात. तुम्ही घेतले नाहीत तर ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने त्याच्या यंत्रासाठी घेतलेले निर्णय तुमच्या डेटावर चालतात.

पहिली पायरी: एक ओळखीचा रेणू धरा

खोला हे गोव्यातल्या काणकोण तालुक्यातलं गाव. तिथल्या लाल मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या, दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विचारून बघा, प्रत्येक ढीग खोल्याचाच असतो. आमच्याकडे बहुतेक विद्यार्थी मिरचीपासूनच सुरुवात करतात, कारण मिरसांग (मिरची) घरात असते आणि तिच्यातला मुख्य रेणू यंत्रावर ठळक दिसतो.

मिरचीचा तिखटपणा मुख्यतः दोन रेणूंचा असतो: कॅप्सेसिन आणि डायहायड्रोकॅप्सेसिन. कॅप्सेसिनमध्ये १८ कार्बन, २७ हायड्रोजन, १ नायट्रोजन आणि ३ ऑक्सिजन. त्याचं अचूक वस्तुमान ३०५.१९९१ येतं. धनभारित पद्धतीत त्याला एक प्रोटॉन चिकटतो आणि यंत्रात तो ३०६.२०६४ वर दिसतो. डायहायड्रोमध्ये दोन हायड्रोजन जास्त, म्हणून तो ३०८.२२२० वर.

आता घोळ ऐका. निसर्गातल्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्के कार्बन-१३ असतो. ज्या कॅप्सेसिन रेणूंत १८पैकी दोन कार्बन जड निघाले, ते ३०८.२१३१ वर येतात. म्हणजे साध्या कॅप्सेसिनचा जड भाऊ आणि वेगळाच रेणू असलेला डायहायड्रो यांच्यात फरक फक्त ०.००८९चा, म्हणजे २९ पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती. ३०८ला ०.००८९ म्हणजे दहा लाखांत २९.

ही दोन्ही शिखरं एकमेकांपासून वेगळी दिसायला रेझोल्यूशन, म्हणजे जवळजवळची वस्तुमानं वेगळी दाखवण्याची यंत्राची ताकद, किती लागेल? ३०८ला ०.००८९ने भागा, सुमारे ३५,००० येतं. ऑर्बिट्रॅपवर (हा मास स्पेक्ट्रोमीटरचाच एक प्रकार) ३५,००० निवडलं की काम झालं असं वाटेल, पण तो आकडा एम/झेड २००साठी असतो आणि एम/झेडच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. ३०८वर हाती राहतं जेमतेम २८,०००. ७०,००० निवडलं तर ५६,०००, आणि ते पुरतं. ऑर्बिट्रॅपवर रेझोल्यूशन वाढवलं की स्कॅनला वेळ जास्त लागतो आणि शिखरावर पडणारे बिंदू कमी होतात. इथे फुकट काही मिळत नाही.

अर्थात कॉलमही मदतीला असतो. नेहमीच्या सी-१८ कॉलमवर कॅप्सेसिन आधी उतरतं, डायहायड्रो मागून. पण कॉलम थकलेला असेल किंवा ग्रेडियंट (द्रावकाचं मिश्रण हळूहळू बदलत नेणं) घाईत उरकलेला असेल तर दोघांचे पायथे एकमेकांत मिसळतात. तुमचा नमुना मिरचीचा नसेल तर तुमचा स्वतःचा असा एक रेणू आणि असा एक घोळ शोधून ठेवा. पुढची प्रत्येक सेटिंग त्याच्यावर घासून बघायची आहे.

दुसरी पायरी: फाइल उघड्या स्वरूपात आणा

प्रत्येक कंपनीची फाइल वेगळी, म्हणून आधी ती एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात बदलायची. त्यासाठी प्रोटिओविझार्डमधलं एमएसकन्व्हर्ट हे मोफत साधन आहे. कंपन्यांच्या फायली वाचायला ते विंडोजवर चालवलेलं बरं.

पेनड्राइव्हवर फाइल नेताना एक चूक हमखास होते. थर्मोची डॉट रॉ ही एकच फाइल असते, पण वॉटर्सची डॉट रॉ आणि अ‍ॅजिलेंटची डॉट डी ही आख्खी फोल्डरं असतात. सायेक्सच्या डॉट विफ फाइलसोबत तिची डॉट स्कॅन फाइलही न्यावी लागते, नाहीतर घरी जाऊन रिकामं टरफल उघडाल.

दुसरी गोष्ट, प्रोफाइल आणि सेंट्रॉइड. यंत्र मोजतं ते प्रत्येक ठिपक्याचा छोटा डोंगर, ते झालं प्रोफाइल. त्या डोंगराच्या जागी मध्यावर एकच काडी उभी केली की सेंट्रॉइड. पुढची बहुतेक साधनं सेंट्रॉइड मागतात. एमएसकन्व्हर्टमध्ये त्यासाठी 'पीक पिकिंग' नावाचा फिल्टर आहे, आणि तो यादीत सगळ्यात वर असायला हवा. खाली टाकला तर कंपनीची स्वतःची सेंट्रॉइड पद्धत वापरली जात नाही. सूचना फारशी ठळक मिळत नाही, फाइल तयार होते, आणि आठवड्याने कळतं की डेटा जाडाभरडा आहे. हे नाव फसवंही आहे. इथलं पीक पिकिंग एका स्कॅनच्या आतलं असतं. काळाच्या अक्षावरचं शिखर शोधणं अजून सुरूच झालेलं नाही.

तुमच्याकडे स्वतःचा डेटा नसेल तर मेटाबोलाइट्स (MetaboLights) किंवा जीएनपीएसच्या सार्वजनिक साठ्यांतून फायली उतरवून सराव करता येतो.

तिसरी पायरी: सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी डोळ्यांनी मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मी मुलांकडून एक आख्खी दुपार यातच काढून घेतो, आणि ती वैतागतात.

फाइल कुठल्याही दर्शकात उघडा. ३०६.२०६४च्या आसपास अरुंद पट्टी काढून तेवढ्याच आयनाचा (भारित रेणूचा) क्रोमॅटोग्राम, म्हणजे वेळेनुसार तीव्रतेचा आलेख, बघा. कॅप्सेसिनचं शिखर दिसेल. वहीत चार गोष्टी लिहा.

शिखराची रुंदी सेकंदांत, पायथ्यापासून पायथ्यापर्यंत. आधुनिक बारीक कणांच्या कॉलमवर ती पाच-दहा सेकंदही असते, जुन्या कॉलमवर अर्धा मिनिटही.

त्या रुंदीत किती स्कॅन पडले. आठ-दहा बिंदू असतील तर आकार नीट पकडता येतो. चारच असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर अंदाजच बांधणार. नेहमीच्या स्कॅनांच्या मधे यंत्र रेणू तोडून त्यांच्या तुकड्यांचे स्कॅनही घेत असेल तर बिंदू आणखी विरळ होतात, तेव्हा यंत्राची पद्धतच बदलावी लागेल.

तीव्रता. शिखराच्या माथ्यावर किती आणि शिखर नसलेल्या जागी किती. टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्रावर (ते आयनांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान काढतं) तळाचा गोंगाट शेकड्यांत दिसू शकतो, तर ऑर्बिट्रॅपवर हजारांत किंवा लाखांत. त्यामुळे मित्राच्या यंत्रावरचा आकडा उसना घेऊ नका.

चौथी गोष्ट, एम/झेड किती डुलतं. शिखरावरच्या प्रत्येक स्कॅनमधलं मूल्य लिहून ३०६.२०६४शी ताडून बघा. माथ्यावर १-२ पीपीएम आणि पायथ्याशी जरा जास्त, असं साधारण दिसतं.

या चौथ्या गोष्टीसाठी फुकटची एक फूटपट्टी आहे. प्रयोगशाळेच्या हवेत सिलिकोन तरंगत असतं, आणि त्याचा ४४५.१२०० हा आयन बहुतेक धनभारित फायलींत सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतो. त्याचं मूल्य वेळेनुसार आखून बघा. रेघ सरळ असेल तर कॅलिब्रेशन ठीक. रेघ उतरत किंवा चढत असेल तर यंत्र सरकतंय.

मला हे शिकवलं ते जूनमधल्या पहिल्या पावसाने. नमुन्यांची रांग अर्धी झाली असताना वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण खोलीचा एसी काही लागला नाही, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्रातली उड्डाणनळी तापमानानुसार किंचित लांब-आखूड होते, तसं वस्तुमानही सरकतं. मी मर्यादा ठेवली होती ३ पीपीएमची, यंत्र सरकलं सहाने. तक्त्यात अर्ध्या मिरच्यांमध्ये कॅप्सेसिन शून्य. दोन दिवस मी मिरच्यांवर संशय घेत बसलो. ४४५ची रेघ आधी आखली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

चौथी पायरी: आता सॉफ्टवेअर

निवडीवर फार डोकं खाजवू नका. एक्ससीएमएस २००६ सालचं, आर भाषेत चालतं, आणि त्यातली सेंटवेव्ह ही पद्धत २००८मध्ये आली. एमएस-डायल २०१५चं, विंडोजवाल्यांना सोपं. ओपनएमएस प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना आवडतं. मी नवशिक्यांना एमझेडमाइन देतो, कारण प्रत्येक पायरीनंतर काय झालं ते पडद्यावर दिसतं. नव्या आवृत्तीत आधी खातं काढून लॉगिन करावं लागतं, एवढंच.

एमझेडमाइनमध्ये आधी मास डिटेक्शन. इथे नॉइज लेव्हल विचारतात, तिसऱ्या पायरीतला तळाचा आकडा इथे घाला. झलक दाखवणारी खिडकी उघडी ठेवून आकडा वरखाली करा आणि कॅप्सेसिनच्या कार्बन-१३वाल्या काड्या टिकतात का बघा. त्या गेल्या म्हणजे तुम्ही फार वर चढलात.

मग क्रोमॅटोग्राम बिल्डर, म्हणजे होड्यांचे धागे जोडणं. सलग किमान किती स्कॅन हवेत? तुमच्या शिखरावर दहा बिंदू असतील तर चार-पाच ठेवा. इथेच एम/झेडची सूट विचारतात, आणि इथे मोठा सापळा आहे. दोन रकाने असतात, एक सरळ एम/झेडमध्ये आणि एक पीपीएममध्ये, आणि सॉफ्टवेअर दोन्हींतली मोठी सूट घेतं. तुम्ही ऐटीत ५ पीपीएम लिहिता, शेजारच्या रकान्यात ०.००५ तसंच राहतं. ३०६वर ०.००५ म्हणजे १६ पीपीएम. १३७वर तर ३६. एम/झेड १०००पर्यंत तुमचे ५ पीपीएम वापरलेच जात नाहीत. तो रकाना ०.००१ वगैरे करा आणि मग ३०८.२१३१ व ३०८.२२२० वेगळे धागे होतात का तपासा.

तिसरं काम, लांबच लांब धाग्यातून एकेक शिखर कापणं. लोकल मिनिमम रिझॉल्व्हर दोन शिखरांमधली दरी शोधतो. त्यात माथा आणि कड यांचं किमान गुणोत्तर असतं. ते १च्या फार जवळ ठेवलं तर गोंगाटाची प्रत्येक उचकी शिखर ठरते. शिखराचा कमाल कालावधी वहीतल्या रुंदीवरून घाला, थोडी ढील ठेवून.

एक्ससीएमएस वापरत असाल तर हेच निर्णय वेगळ्या नावांनी येतात. पीकविड्थ मुळात २० ते ५० सेकंद असतं. तुमची शिखरं आठ सेकंदांची असतील तर त्या जाळ्यातून सगळे बांगडे निसटणार. प्रीफिल्टर मुळात ३ आणि १००, म्हणजे किमान तीन बिंदू १००च्या वर. ऑर्बिट्रॅपच्या लाखांच्या जगात १०० म्हणजे चाळणीच नाही. पीपीएम मुळात २५, पण इथे त्याचा अर्थ यंत्राची अचूकता असा नाही. एकाच शिखरातल्या लागोपाठच्या स्कॅनांत मूल्य किती हललं तर चालेल, असा आहे. त्यामुळे यंत्राच्या माहितीपत्रकातला आकडा तसाच उचलला तर शिखरं फाटतात. त्याच्या दुप्पट-तिप्पट घ्या आणि वहीतल्या डुलण्याशी ताडून बघा. सेटिंग्ज आपोआप शोधणारी आयपीओसारखी साधनं आहेत. मी ती वापरली आहेत, आणि त्यांचं उत्तर दरवेळी कॅप्सेसिनवर तपासलंही आहे.

सगळं चालवून झालं की आकडा किती आला ते बघू नका. आधी यादीत ३०६.२०६४ शोधा. ते एकदाच आलंय का? दोनदा आलं असेल तर शिखर फाटलंय. त्याची रुंदी वहीशी जुळते का? मग ३०८चं जोडपं बघा. हे जुळेपर्यंत परत तिसऱ्या-चौथ्या पायरीत. साधारण पाच-सहा फेऱ्या होतात.

मिरचीत एक जास्तीची अडचण येते, अर्क फार दाट होण्याची. डिटेक्टर भरून गेला की शिखराचा माथा सपाट होतो किंवा मधे खड्डा पडतो, आणि सॉफ्टवेअर त्याची दोन शिखरं करतं. ओळखायची खूण सोपी आहे. १८ कार्बनच्या रेणूत ३०७.२०९७ची उंची ३०६च्या सुमारे २० टक्के असायला हवी. ती ४० टक्के दिसली तर कार्बन-१३ वाढलेला नाही, मुख्य शिखर पूर्ण मोजलं गेलेलं नाही. सेटिंग्जशी झटापट करू नका, अर्क दहापट पातळ करून परत चालवा.

पाचवी पायरी: एका रेणूची पाच सोंगं

एकट्या कॅप्सेसिनची यादीत किती शिखरं येतात मोजा. ३०६.२०६४ मूळ. ३०७.२०९७ आणि ३०८.२१३१ जड कार्बनची. सोडियम चिकटलं की ३२८.१८८३. आयन बनतानाच रेणू तुटला तर व्हॅनिलिल तुकडा १३७.०५९७. अर्क दाट असेल तर दोन रेणू एका प्रोटॉनभोवती, ६११.४०५५. सगळ्यांची वेळ तीच. यातलं एकही खोटं नाही, पण पदार्थ एकच आहे. २०१७मध्ये ई. कोलायच्या एका डेटाचा असा हिशेब लावला गेला, तेव्हा २५,००० शिखरांमागे हजाराहून कमी वेगवेगळे रेणू निघाले. त्या नऊ हजारांचं काय होणार ते ओळखा.

म्हणून समस्थानिकांचं (जड कार्बनवाल्या शिखरांचं) गाळण आणि सोबत्यांचं (सोडियमवाल्या वगैरे शिखरांचं) गटीकरण हे दोन्ही मॉड्यूल चालवाच. १३७.०५९७ मात्र लगेच फेकू नका. हा तुकडा डायहायड्रोमधूनही निघतो आणि त्यांच्या इतर भावंडांमधूनही. त्याचा एकट्याचा क्रोमॅटोग्राम काढला तर तिखट कुटुंबातलं कोण कधी उतरलं त्याचा नकाशाच मिळतो.

मग ब्लँक. नुसतं द्रावक, तीच नळी, तोच पिपेट. ३९१.२८४३ दिसलं तर ते प्लास्टिकमधलं थॅलेट, ३३८.३४१७ दिसलं तर एरुकामाइड, तेही प्लास्टिकचंच. ब्लँक सुरुवातीला एक आणि तिखट नमुन्याच्या लगेच मागे एक, असे दोन ठेवा. कॅप्सेसिन चिकट असतं, मागच्या नमुन्यातलं पुढच्यात उतरतं. तो दुसरा ब्लँक तुम्हाला कितीदा तरी वाचवेल.

सहावी पायरी: सगळ्या फायली एका तक्त्यात

इथे थोडक्यात सांगतो, कारण आधीचं नीट झालं असेल तर हे सोपं जातं. अलाइनर वेगवेगळ्या फायलींतलं तेच शिखर एका ओळीत आणतो. त्याला वेळेची सूट तुमच्या शिखराच्या रुंदीहून जास्त देऊ नका. गॅप फिलिंग रिकाम्या चौकटीत परत डोकावून कमजोर शिखर असेल तर भरतं. सगळ्या नमुन्यांचा थोडा-थोडा भाग एकत्र करून एक मिश्र नमुना बनवा आणि तो दर पाच-दहा नमुन्यांमागे चालवा. ज्या शिखराची उंची या मिश्र नमुन्यांत ३० टक्क्यांहून जास्त हलते, ते तक्त्यातून काढा.

तक्ता एक्सेलमध्ये उघडाल तेव्हा एम/झेडच्या रकान्याला चार दशांश स्थळं द्या. दोनवर ठेवलं तर जे ३०८.२१ आणि ३०८.२२ दिसतं, ते बघून कोणीतरी सद्भावनेने दोन्ही ओळी एकत्र करतं. आमच्याकडे झालेलं आहे.

शेवटी बॅच फाइल, म्हणजे सगळ्या पायऱ्या आणि सेटिंग्ज नोंदवलेली फाइल, जपून ठेवा, कच्च्या फायलींच्याच फोल्डरमध्ये. नावात तारीख, कॉलमचा क्रमांक आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. पुढच्या मे महिन्यात नव्या मिरच्या येतील तेव्हा कॉलम आणि पद्धत तीच असेल तर ती फाइल जशीच्या तशी चालेल. कॉलम बदलला असेल तर वही काढा आणि तिसऱ्या पायरीपासून परत मोजा.